दुसऱ्या टप्प्याचा पास

मुलुंड कॉलनीत कोणी टिपणीसांचं घर विचारलं की नाक्यावरचा पानवाला आधी त्याच्या पायांकडे बघायचा. पायांत कॅनव्हासचे बूट असले तर पुढचं ऐकूनच घ्यायचा नाही. "अप्पांकडे ना? तिसरी बिल्डिंग, तळमजला. लवकर जा, निघाले असतील." बूट नसले तर मात्र विचारायचा, "कोणते टिपणीस? बँकेतले की डोंगरातले?" बँकेतले म्हणजे अनंत टिपणीस. डोंगरातले म्हणजे त्याचे वडील श्यामसुंदर टिपणीस, घरादाराचे आणि निम्म्या कॉलनीचे अप्पा.

आता डोंगर ही काही अप्पांची नोकरी नव्हती. नोकरी त्यांनी विक्रोळीच्या एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात केली, एकोणीस वर्षं, आणि सदुसष्ट साली पर्सोनेल मॅनेजर म्हणून ते निवृत्त झाले. माणसं घ्यायची, त्यांच्या रजा, भांडणं, बढत्या निस्तरायच्या आणि मालक नि युनियन यांच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, असं ते काम. मालक म्हणायचे हा युनियनचा माणूस, युनियन म्हणायची हा मालकाचा, आणि अडलं की दोघंही अप्पांच्याच टेबलाशी येऊन बसायचे. सोमवार ते शनिवार हे चालायचं. रविवारी मात्र अप्पा कॉलनीमागच्या डोंगरात. तिथं कारखान्याचं नाव काढायचं नाही असा त्यांचा दंडक होता, आणि तो मोडणाऱ्याला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या वाहाव्या लागत.

कुंदा ही त्यांची सून. तिची निवड अप्पांनी चढावर केली होती.

सहासष्ट सालची गोष्ट. घाटकोपरला कुंदाच्या माहेरी बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे झाले, चहा झाला, गाणं येतं का वगैरे झालं. मग अप्पा उठले आणि म्हणाले, "चला, जरा मागच्या टेकडीवर पाय मोकळे करून येऊ." कुंदाच्या वडिलांना वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. नऊवारीतली आई खाली थांबली, आणि वडील, नवरा मुलगा, होणारे सासरे नि नव्या चपला घातलेली कुंदा अशी वरात टेकडीला लागली. अर्ध्यावर तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं चपला हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी चढत राहिली.

"डोंगर आवडतात वाटतं?" अप्पांनी विचारलं.

"मुळीच नाही," कुंदा धापा टाकत म्हणाली.

"मग चढलीस कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून. पुन्हा म्हणू नका."

कुंदाच्या वडिलांचा चेहरा पडला. हातची स्थळं अशीच जायची या मुलीच्या तोंडापायी. पण अप्पा घरी जाऊन बायकोला, प्रेमाताईंना म्हणाले, "पोरगी पास. चढावर माणसाला खोटं बोलता येत नाही, दम पुरत नाही. ही तर सपाटीवरही बोलणार नाही असं दिसतंय." लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुंदाच्या हातात टाईप केलेला कागद ठेवला. 'सौ. कुंदा यांना डोंगरमाफी देण्यात येत आहे. ही सवलत कायमस्वरूपी असून ती काढून घेण्याचा अधिकार कोणासही नाही.' खाली सही, तारीख, आणि 'प्रत माहितीसाठी : सौ. प्रेमा'. कुंदानं तो कागद नीट घडी करून दागिन्यांच्या डब्यात ठेवला. तो तिला पुष्कळ वर्षं पुरला.

बाकीच्यांना माफी नव्हती. अनंत आणि त्याची थोरली बहीण उत्तरा यांचं बालपण अप्पांच्या शिटीवर गेलं. ही शिटी कारखान्याच्या वॉचमनची, निवृत्तीला मिळालेली नव्हे तर रीतसर विकत घेतलेली. एक लांब शिटी म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे चला, तीन म्हणजे कोणीतरी करवंदं खात मागे राहिलंय. घरात कामाच्या पाळ्या भिंतीवर लावलेल्या असत. शिवाय दर वर्षी एकतीस मार्चला अप्पा घरातल्या प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहीत आणि जेवताना मोठ्यानं वाचून दाखवत. गोपनीय कसला, शेजारचेही ऐकायला येत. अनंतबद्दल लिहिलं होतं, 'प्रामाणिक. भरभर चालतो, पण मागे कोण राहिलं ते बघत नाही.' उत्तराबद्दल, 'जबाबदारीनं वागते. दुसऱ्यांच्या जबाबदाऱ्याही उचलते, त्यांनी सांगितलेलं नसताना.' हे ऐकून उत्तरा दोन दिवस बोलली नव्हती. नंतर लग्न होऊन ती पार्ल्याला गेली, तरी एकतीस मार्चला जेवायला न चुकता यायची.

अप्पांच्या नोकरीतली एकच हकीकत कुंदाला पाठ होती, कारण ती सांगायला दत्ताराम कायम तयार असे. दत्ताराम मूळचा मालवणकडचा, राहायला भांडुपला. कारखान्यात प्रेस मशीनवर होता आणि युनियनचा सेक्रेटरी होता. छप्पन साली पगाराचा करार झाला. करार इंग्रजीत, चौदा पानांचा. वरून हुकूम आला की शनिवारी पाळी सुटताना कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊन टाका. कामगारांना घरी जायची घाई, कोण वाचतोय? सगळे रांगेत उभेही राहिले. तेवढ्यात अप्पा कॅन्टीनमधल्या बाकावर चढले आणि म्हणाले, "आधी ऐका, मग सही." आणि चौदाच्या चौदा पानं त्यांनी मराठीत करून वाचली. दोन तास लागले. लोक चिडले, दत्तारामानं खालून ओरडून सांगितलं की साहेब, बस करा, भजी थंड झाली. अप्पा थांबले नाहीत. अकराव्या पानावर रात्रपाळीचा भत्ता बंद करणारं एक कलम निघालं, ते ऐकून सह्यांची रांगच मोडली. सोमवारी ते कलम गेलं. वरच्या साहेबांनी अप्पांना बोलावून विचारलं की तुम्ही पगार कोणाचा खाता? अप्पा म्हणाले, "तुमचा. म्हणून तर तुमच्या नावावर न वाचलेली सही लागू देत नाही. न वाचता केलेली सही पहिल्या भांडणात मोडते." अप्पांची बढती त्यामुळे तीन वर्षं मागे गेली, आणि दत्ताराम त्या रविवारपासून त्यांच्याबरोबर डोंगरात यायला लागला. तो पुढची बत्तीस वर्षं येत राहिला.

एकोणऐंशी साली प्रेमाताई गेल्या. अप्पा महिनाभर घरात बसले, मग पुन्हा बूट चढवले. कुंदाला बरंच वाटलं. घरात बसलेले अप्पा म्हणजे भिंतीवर नवीन वेळापत्रक.

खरा पेच आला तो त्र्याऐंशी साली. अप्पा तेव्हा चौऱ्याहत्तरचे. डोंगरात छातीत दुखायला लागलं, दत्तारामानं धरून खाली आणलं, आठ दिवस हॉस्पिटल झालं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, चढ बंद. कुंदानं त्याच दिवशी बूट उचलले आणि गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवून किल्ली कमरेला लावली.

इथं कुंदाबद्दल एक सांगायला हवं. ती रेशनिंग ऑफिसात होती. अख्ख्या मुलुंडात फॉर्मची मागची बाजू वाचणारी एकटी बाई, अशी तिची ख्याती होती. घरात किती माणसं आणि कार्डावर किती, हे ती फॉर्म धरणाऱ्याच्या अंगठ्यावरून ओळखते, असं लोक म्हणत. तिच्यासमोर अप्पांचं काही चालणार नाही, अशी अनंतला खात्री होती.

अप्पांनी भांडण केलं नाही. त्यांनी गो-स्लो सुरू केला. अंघोळीला पाऊण तास. चहाच्या एका कपाला एक तास. सकाळचा पेपर ते निधनवार्तांपासून निविदांपर्यंत ओळन् ओळ वाचत आणि अनंतला तो संध्याकाळी मिळे. दळण आणायला निघाले की गिरणीपर्यंतच्या दहा मिनिटांना चाळीस मिनिटं. विचारलं तर म्हणत, "काम चालू आहे. बंद कुठं केलंय?" दहाव्या दिवशी कुंदाच्या स्वयंपाकघराच्या दाराखालून एक कागद आत सरकला. 'मागणीपत्र', असं वर लिहिलेलं होतं. मागणी एकच होती, बूट.

वाटाघाटी जेवणाच्या टेबलावर झाल्या. एका बाजूला कुंदा. दुसऱ्या बाजूला अप्पा, आणि त्यांच्या वतीनं बोलायला दत्ताराम.

"सूनबाई, आमच्या माणसाची काय चूक हा? चालता, इतकाच ना?" दत्तारामानं सुरुवात केली.

"तुमचा माणूस उचलून आणावा लागला होता."

"एकदाच! सत्तावीस वर्षांत एकदाच. आमच्या प्रेस मशीनचो रेकॉर्ड इतको चांगलो नव्हतो."

कुंदाला हसू आलं आणि तिथंच मॅनेजमेंट ढिली पडली. तीन बैठकांनंतर करार झाला. फक्त रविवारी. सोबत दत्ताराम हवाच. जायचं ते पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे जिथं वाटेवर काळा सपाट खडक आहे तिथवर. तिथवर चढ असा नव्हताच, बिल्डिंगच्या जिन्याएवढा. त्याच्या वरचा दुसरा टप्पा म्हणजे खरी चढण आणि वर मोकळं पठार. तिथं जायचं तर कुंदाची लेखी मंजुरी हवी. घरी परत साडेबाराच्या आत. आणि प्रत्येक वेळी गेटपास.

गेटपासचं पुस्तक अप्पांकडे होतं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी गमतीनं एक कोरं पुस्तक बांधून दिलं होतं, की साहेब, आयुष्यभर आम्हाला पास दिलेत, आता तुमचे तुम्ही फाडा. सोळा वर्षं ते तसंच पडून होतं, कारण अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे स्वतःच्या पासवर स्वतः सही करायची नसते. आता त्याला मालक मिळाला. नाव, स्थळ, कारण, सोबत, परतीची वेळ, आणि खाली 'वरिष्ठांची सही'. दर रविवारी सकाळी अप्पा पास भरून ओट्याशी येत, कुंदा तो वाचे, दोनचार प्रश्न विचारी, सही करी. सगळं पुस्तकच पाठीवरच्या हॅवरसॅकमध्ये टाकून अप्पा निघत. परत आले की घड्याळ बघून 'परत आल्याची वेळ' या वेगळ्या रकान्यात ती लिहायची आणि पुन्हा कुंदाची सही घ्यायची. पाच वर्षांत ते एकदाही साडेबारा ओलांडून आले नाहीत.

"अप्पा, माझा गोपनीय अहवाल तुम्ही कधीच लिहिला नाहीत हं," एका एकतीस मार्चला कुंदानं विचारलं. विचारलं हसत, पण तिला ते पुष्कळ दिवस टोचत होतं.

"हाताखालच्या माणसानं वरिष्ठाचा अहवाल लिहायचा नसतो," अप्पा म्हणाले आणि ताकाची वाटी उचलली.

दुसऱ्या टप्प्याची मंजुरी कुंदानं एकदाच दिली, चौऱ्याऐंशी सालच्या सप्टेंबरात. कारवी फुलली होती. ही झुडपं सात-आठ वर्षं नुसती पानांची असतात आणि मग एकदाच सगळा डोंगर जांभळा करून मरून जातात. अप्पांनी पास आणून ठेवला. कुंदानं वाचला, पेन उचललं, ठेवलं, आणि म्हणाली, "सही करते. पण मी बरोबर येणार. माझ्यादेखत जायचं." डोंगरमाफीचा कागद डब्यात तसाच राहिला आणि कुंदा अठरा वर्षांनी चढाला लागली. दर वीस पावलांनी तिनं अप्पांना बसवलं. खरं तर तीच बसत होती. वर पोचल्यावर तिच्यापुढे डोक्याच्याही वर जाणारी जांभळी कारवी होती, आणि मधमाश्यांचा असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. कुंदा अप्पांच्या अगदी कानाशी गेली. मग म्हणाली, "हे आता मरणार?"

"ही मरणार. खाली बी पडलंय, त्यातून नवी येणार," अप्पा म्हणाले. "ब्याण्णवला परत फुलेल."

"तेव्हा परत येऊ," असं कुंदा म्हणून गेली. अप्पांचं ब्याण्णवचं वय तिनं खाली उतरताना मोजलं.

आता अठ्ठ्याऐंशी सालचा तो रविवार.

दिवाळी नुकतीच झाली होती. डब्यात फराळ होता, गॅसवर दूध होतं, अनंतला चहा हवा होता आणि नळाचं पाणी जायची वेळ झाली होती. अप्पा पास घेऊन आले. कुंदा एका हातानं बादली सरकवत होती. दूध वर येताना दिसलं, तिनं गॅसकडे झेप घेतली, आणि ओल्या हातानंच मागे वळून अप्पांनी धरलेल्या पुस्तकावर सही ठोकली.

"वाचलंस?" अप्पांनी विचारलं.

"हो हो, जा. साडेबारा!"

दूध उतू गेलंच. अप्पांनी हॅवरसॅक उचलली आणि ते गेले.

बारा वाजून दहा मिनिटांनी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तबेल्याचा दुधाचा टेम्पो बिल्डिंगशी उभा राहिला. कुंदाची नजर सवयीनं आधी घड्याळाकडे गेली, म्हणून तिला ती वेळ कायमची लक्षात राहिली. टेम्पोत अप्पा होते आणि दत्ताराम त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टर म्हणाले, सगळं जागीच आटोपलं, त्रास झाला नाही.

उत्तरा पार्ल्याहून तासाभरात आली. रडली, सावरली, आणि रात्री सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "कुठं गेले होते?"

कुंदाला तेच माहीत नव्हतं. दत्ताराम दिवसभर कोपऱ्यात एक शब्द न बोलता बसला होता आणि स्मशानातून तापानं फणफणत भांडुपला गेला होता.

"पासावर काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही," कुंदा म्हणाली.

"तू? तू वाचलं नाहीस?"

उत्तरा उठली आणि अंथरुणं घालायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं. तेरा दिवस दोघी एका घरात वावरल्या. उत्तरा पानं वाढायची, कुंदा उचलायची, आणि मध्ये तो पास असायचा. पहिला टप्पा असेल तर एकोणऐंशी वर्षांचं माणूस होतं, गेलं. पण दुसरा असेल तर? कुंदानं पाच वर्षांत शेकड्यांनी सह्या केल्या होत्या, एकेक अक्षर वाचून, आणि एकच न वाचता. दत्ताराम अजून तापात होता, त्याला विचारायची सोय नव्हती. ती ऑफिसच्या पिशवीपासून कोळशाच्या जुन्या पोत्यापर्यंत सगळीकडे पुस्तक शोधत होती, आणि सापडू नये असंही तिला वाटत होतं. अनंत म्हणाला, "अगं, काय फरक पडतो आता?" तो भरभर पुढे गेला, मागे कोण राहिलं ते न बघता.

तेराव्याच्या संध्याकाळी दत्ताराम आला. गाल बसलेले, हातात अप्पांची हॅवरसॅक.

"टेम्पोत ऱ्हवली होती. टेम्पोवालो गावाक गेलेलो. आज गावलो," तो म्हणाला.

हॅवरसॅक उत्तरानं घेतली. पुस्तक वरच होतं. तिनं शेवटचा पास उघडला, चष्मा लावला आणि वाचलं. मग कुंदाकडे बघत तिनं एकच ओळ मोठ्यानं म्हटली.

"स्थळ, दुसरा टप्पा."

खाली कुंदाची सही होती. पाण्यानं शाई जराशी फुटलेली. कुंदा खाली बसली. तिच्या डोळ्यांसमोर ती चढण आली, आणि आपण दर वीस पावलांनी बसवलेले अप्पा आले, ज्यांना या वेळी बसवायला कोणी नव्हतं.

"पण आम्ही खंय गेलव वर?" दत्ताराम म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

"नाय गेलव. खडकाकडेच बसलव. मी म्हटलंय, सायबानू, आज मंजुरी आसा, जावया वर. तर म्हणाले, 'मंजुरी आहे रे, पण वाचून दिलेली नाही. दूध उतू जात होतं तिचं.' मी म्हटलंय, सही आसा ना कागदावर? झालं! डाफरले माझ्यावर. म्हणाले, 'छप्पन साली कॅन्टीनमध्ये मी दोन तास घसा कशाला फोडला? न वाचता घेतलेली सही तुमच्याकडून चालवली नाही, ती सुनेकडून चालवू? पुढच्या रविवारी परत मागेन. तिला बसवून वाचायला लावीन.'" दत्तारामानं उपरण्यानं तोंड पुसलं. "मगे डबो उघडलो. चिवडा खाल्लो. चकली मला दिली नि म्हणाले, 'उत्तरानं केलीय. दात सांभाळ.' आणि हसले, नि खडकाला टेकले. मला वाटलं, झोप लागली."

उत्तराच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. कुंदाला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, आणि मग दोन्ही एकदम करायला लागली. कुंदा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिनंही तेच केलं. तेरा दिवसांचं साचलेलं होतं, बराच वेळ चाललं. अनंत चहा करून घेऊन आला, तो तसाच निवला.

मग कुंदानं डोळे पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, आणि तो पास पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचला.

"नाव, श्यामसुंदर टिपणीस. स्थळ, दुसरा टप्पा. सोबत, दत्ताराम. परतीची वेळ, साडेबारा. कारण—" इथं ती थांबली. उत्तरानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "कारण, चौऱ्याऐंशीच्या बियांची कारवी किती उंच झाली ते बघून कुंदाला सांगणे."

परत आल्याचा रकाना कोरा होता. कारखान्यात असा उघडा पास राहिला तर वरिष्ठानं तो मिटवायचा असतो, एवढं पाच वर्षांत कुंदाला माहीत झालं होतं. तिनं पेन मागितलं. रकान्यात लिहिलं, '१२ वाजून १० मिनिटे', आणि सही केली. वीस मिनिटं हातची राखून आले होते अप्पा.

मग तिनं पान उलटलं आणि पुढचा पास भरायला घेतला. नाव, कुंदा टिपणीस. स्थळ, दुसरा टप्पा. कारण, मागील पासाप्रमाणे. सोबत, दत्ताराम. भरून झाल्यावर ती क्षणभर थांबली, कारण स्वतःच्या पासवर स्वतः सही करायची नसते. तिनं पुस्तक उत्तरापुढे धरलं.

उत्तरानं लगेच सही केली नाही. चष्मा पुसला, सगळं वाचलं, मागची बाजूही बघितली.

"बूट आहेत का तुझ्याकडे?"

"अप्पांचे येतात मला. दोन मोजे घातले की."

"दत्ताराम, ताप उतरला ना पुरता?"

"उतरलो, ताई."

"दर वीस पावलांनी बसायचं. साडेबाराच्या आत घरी," उत्तरा म्हणाली, आणि तिनं सही केली.

रविवारी बारा वाजून पाच मिनिटांनी कुंदा परत आली. पायांत अप्पांचे बूट, साडीला कुसळं, तोंड लालबुंद. उत्तरा पुस्तक उघडून दारातच बसली होती. कुंदानं पाणीसुद्धा प्यायलं नाही. एक पान मागे जाऊन तिनं अप्पांचा पास काढला आणि त्यातल्या 'कारण' या रकान्यापुढे, उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरांत लिहिलं, 'पाहिली. खांद्याला लागते.'